सातव्या घराची खिडकी

गल्लीतले लोक तिला पाठीमागे पट्टीबाई म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. बांधकाम खात्यात तेहतीस वर्षं तिने ट्रेसरचं काम केलं होतं. साहेबांनी काढलेले नकाशे पारदर्शक कागदावर शाईने गिरवायचे, हे तिचं काम. रेघ केसभर हललेली तिला खपत नसे, आणि नशीब असं की शेजारचं सातवं घर अख्खंच उलटं होतं.

सात घरांची ती ओळ ऐंशी वर्षांपूर्वी एका सोसायटीने बांधली. योजना साधी होती: स्वयंपाकघरासमोर स्वयंपाकघर, निजायच्या खोलीसमोर निजायची खोली. कुणाचा धूर कुणाच्या उशाशी नको. फक्त सातवं, शेवटचं घर फिरलेलं. त्याच्या स्वयंपाकघराची खिडकी सहाव्या घराच्या निजायच्या खोलीवर उघडत होती. सहाव्या घराचे पहिले रहिवासी म्हणजे पट्टीबाईचे आजोबा. त्यांचं म्हणणं, सातव्यातल्या घड्याळजीने गवंड्याला फितवून मुद्दाम घर फिरवलं. घड्याळजीची निजायची खोली मात्र थेट रहदारीच्या रस्त्यावर गेली होती. त्याचं म्हणणं, सोसायटीचे चिटणीस असलेल्या आजोबांनीच हा डाव साधला. दोघेही भांडत भांडत म्हातारे झाले आणि जाताना भांडण मुलांच्या हवाली करून गेले.

पुढे तर कहरच झाला. पट्टीबाईच्या धाकट्या भावाने घड्याळजीच्या नातीशीच लग्न केलं. वडिलांनी घराबाहेर काढलं तेव्हा तो सातव्या घरात राहायला गेला, आणि वडिलांनी त्याचं नाव टाकलं. वडिलांच्या मागे पट्टीबाईने तो बाणा चालवला, आणि तिच्याइतकं कडक वडिलांनाही जमलं नसतं. आई अंथरुणाला खिळली, शेवटचे तीन दिवस "धाकट्याला बोलवा" एवढंच म्हणत राहिली. तो फाटकाशी येऊन उभा होता. पट्टीबाईने कडी काढली नाही. त्यालाही एकोणीस वर्षं झाली होती.

आता नगरपालिकेला या ओळीचा एकाएकी पुळका आला होता. घरं वारसा म्हणून जपायची, दारोदार फलक लावायचे, पहिला रहिवासी कोण, बांधणी कशी, ते त्यावर लिहायचं. त्यासाठी पालिकेचे एक तज्ज्ञ साहेब आले आणि त्यांनी पट्टीबाईच्या टेबलावर सात निळे नकाशे पसरले.

"जुन्या दप्तरात सापडले. सातवं घर उलटं का, ते फलकावर लिहायचंय, आणि त्या मजकुरावर त्या घरच्यांची सही लागते," साहेब म्हणाले. "आधी तुमच्या भावाकडे गेलो होतो. ते म्हणाले, ताईला विचारा. या कामात तिचा हात धरणारं कुणी नाही. ती सांगेल त्यावर डोळे झाकून सही करतो."

"मला भाऊ नाही," पट्टीबाई म्हणाली आणि तिने भिंग उचललं.

भिंगाची गरजच नव्हती. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या प्रतीवर अक्षरं सरळ होती. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या प्रतीवर ती आरशात दिसावी तशी उलटी होती. म्हणजे नकाशा पारदर्शक कागदावर एकदाच काढलेला. विषम घरांना तो कागद सुलटा ठेवून छापायचा, सम घरांना पालथा घालून, आणि घराचा नंबर मागाहून हाताने टाकायचा. मेहनत वाचवायची ही जुनी युक्ती तिने स्वतः शंभरदा केली होती.

सातव्या प्रतीवरही अक्षरं उलटी होती. सहावी प्रत काढल्यावर कागद परत सुलटा करायचा कुणीतरी विसरला होता. गवंड्याने हातात पडलं तसं बांधलं.

कुणी कुणाला फितवलं नव्हतं. कुणी डाव साधला नव्हता.

पट्टीबाईने भिंग खाली ठेवलं. नुसती चूक होती म्हणावं, तर मग आईचे ते तीन दिवस कुणाच्या माथी मारायचे? घड्याळजीच्या माथी मारता येत होते, म्हणून तर तिला रात्री झोप लागत होती.

"काही कळतंय का?" साहेबांनी विचारलं.

"न कळायला काय झालं? मुद्दाम केलंय. सातव्यातल्या घड्याळजीने उलटी प्रत छापून घेतली आणि गवंड्याच्या हातात दिली. लिहा."

"नक्की ना? मला वाटलं, नजरचुकीने कागद..."

"तेहतीस वर्षं मी काय तिथे माशा मारत होते?"

साहेबांनी लिहून घेतलं आणि ते शेजारी गेले. पट्टीबाई निजायच्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. समोरची खिडकी नेहमीसारखी उघडी होती. कांदा परतल्याचा वास येत होता. त्या खिडकीतून तिला एकतीस वर्षं धाकट्याचा खोकला ऐकू येत होता. कोरडा कुठला, कफाचा कुठला, हे तिला त्याच्या बायकोआधी कळायचं. हे तिने मरतानाही कबूल केलं नसतं.

"काय म्हणाली ताई?" धाकट्याचा आवाज आला.

साहेबांनी वाचून दाखवलं.

"साफ खोटं आहे!" त्याची बायको कडाडली. "माझे आजोबा तसले नव्हते. सही करायची नाही, सांगून ठेवते."

नळ वाहत राहिला. कुणी बंद केला नाही. मग धाकटा खोकला.

"ताईने नकाशा बघून सांगितलंय ना? मग तसंच असणार. तिची रेघ कधी चुकत नाही. कुठे करू सही?"

'थांब' म्हणायला पट्टीबाईने तोंड उघडलं. तशीच खिडकीपाशी धावली, पण शब्द काही फुटेना. समोर भावजय उभी होती. लग्नानंतर पहिल्यांदाच दोघींची नजरानजर झाली.

"झालं समाधान?" भावजय म्हणाली. तिने खिडकीची दोन्ही दारं धाडकन ओढून घेतली आणि आतून कडी घातली.

ही खिडकी बंद व्हावी म्हणून आजोबा भांडले, वडील भांडले, ती स्वतः जन्मभर भांडली. आज ती बंद झाली. वास थांबला, भांड्यांचा आवाज थांबला. पट्टीबाई गजांना धरून कान देऊन उभी राहिली. पलीकडे धाकटा खोकत असेल, पण तिला काही ऐकू येत नव्हतं.