उसणीवरची लाथ

पासली गावात कुणाच्या पाठीत उसण भरली की तो भागूबाईच्या ओट्यावर येऊन पालथा पडायचा. भागूबाई पायाळू, म्हणजे जन्मताना पाय पुढे करून आलेली. अशा माणसाच्या लाथेनं धरलेली पाठ सुटते, यावर गावाचा डॉक्टरपेक्षा जास्त भरवसा.

गावाला लाथा घालणारी ही बाई घरात मात्र लाथा खायची. नवरा हैबती भाताच्या खाचरात चिखलणी करून आला की अंगातला सगळा शिणवटा तिच्यावर काढायचा. तिचं ओरडणं आळीला स्वच्छ ऐकू जायचं, आणि आळी दाराला कडी घालायची. नवराबायकोच्या भांडणात कोण पडणार? सासू ठकुबाई चूल फुंकत बसायची.

त्या सकाळी भाकरी करपली. हैबतीनं तिच्या तोंडावर बुक्की मारली, तिचा ओठ फाटला. केस धरून त्यानं तिचं डोकं चौकटीवर आपटलं. पुन्हा आपटायला वाकला आणि वाकल्या जागीच किंचाळला. चिखलात राबून दमलेली पाठ धरली होती.

आता मात्र आळी धावली. ठकुबाईनं तेल चोळलं, गरम मिठाच्या पुरचुंडीनं शेकलं. पाठ काही सरळ होईना.

"आता वैनीचीच लाथ पायजे," शेजारचा गोरख म्हणाला.

"बायकोनं नवऱ्याला पाय लावायचा?" कुणीतरी पुटपुटलं.

"औशदाला पाप न्हाई," ठकुबाई म्हणाली.

"लाव गं भागे," हैबती कण्हला. "मरतुया मी."

त्याला ओट्यावर पालथा घातला. गोरखनं हात धरले, ठकुबाईनं पाय. भागूबाईनं पदरानं हनुवटीवरचं रक्त टिपलं आणि पहिली लाथ रीतीप्रमाणे हळूच लावली. दुसरी कमरेत बसली, दणकून. हैबतीनं आईबहीण काढली. तिसरी बरगडीत.

"सोडा मला," तो गुरासारखा ओरडला. "जीव घेतीया ही."

"आरडू द्या. उसण निघतीया," म्हणत गोरखनं हात आणखी दाबले. लोक माना डोलवत होते. औषध जितकं कडू तितकं गुणकारी, हे काय कुणाला सांगायला हवं?

भागूबाईला आनंद झाला. लाज वाटावी इतका, पोटभर आनंद. ती मारत राहिली. बरगडी कडकन वाजली तेव्हा "सुटली" असं कुणीतरी समाधानानं म्हणालं.

मग तिनं टाच उचलली आणि बरोबर मणक्यावर नेली. लाथ मांसावर मार, हाडावर मारलीस तर माणूस जन्माचा लुळा होतो, असं वेल्ह्याच्या दवाखान्यातल्या व्यायामवाल्या मॅडमनी तिला बजावलं होतं. तो सल्ला आज तिला फार मोलाचा वाटला. हा उठला तर उद्या मारणार. उठलाच नाही तर कधीच मारणार नाही.

ठकुबाईनं वर पाहिलं. सुनेचा फाटलेला ओठ पाहिला, उचललेली टाच पाहिली, आणि तिला सगळं कळलं. तिचा नवरा होता तोवर तिनंही हेच खाल्लं होतं. तिनं लेकाचा एक पाय सोडला आणि आपला सुरकुतलेला पंजा त्याच्या मणक्यावर ठेवला.

"भागे," ती हळूच म्हणाली, "तेवढं हाड सोड. बाकीचा तुजा."