जुन्या खोगिराला नवे पट्टे

मित्रांनो, मी एक जुने खोगीर आहे. मला स्वतःची पाठ नाही, पण जन्मभर मी दुसऱ्यांच्या पाठीची काळजी वाहिली. 'खोगीरभरती' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. बिनकामाच्या माणसांना लोक तसे म्हणतात. ज्याने हा शब्द काढला, त्याने भरती नसलेल्या खोगिरावर बसून एकदा कोसभर जाऊन यावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

माझा सांगाडा लाकडाचा. एका वृद्ध जीनगराने तो तासला, त्यावर कातडे ताणून बसवले आणि पोटात धुतलेली लोकर पिंजून भरली. भरताना तो तळहाताने दाबून पाही. कुठे गाठ लागली की सगळी लोकर उपसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्याची बायको वैतागून म्हणे, "अहो, आतली गाठ कुणाला दिसणार आहे?" तो म्हणे, "दिसणार नाही, घोड्याला टोचेल." अशा हातांतून मी घडलो, हे माझे भाग्य.

माझा पहिला मालक जंगलाचा रखवालदार होता. त्याच्याबरोबर मी डोंगर चढलो, नद्या ओलांडल्या, उन्हात तापलो, पावसात भिजलो. "खोगीर कसलं, आरामखुर्ची आहे ही!" असे तो चारचौघांत सांगे आणि मी आत लोकरीपर्यंत सुखावत असे. माणूस सोन्यासारखा होता, पण त्याची एक खोड वाईट. घोड्यावर बहुतेक सगळे डाव्या बाजूने चढतात. डावा पाय रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या लोखंडी कडीत टाकायचा आणि वर झेप घ्यायची. त्या क्षणी अंगाचा सगळा भार डाव्या रिकिबीच्या पट्ट्यावर येतो आणि तो हळूहळू ताणत जातो. म्हणून शहाणा स्वार डावा पट्टा उजवीकडे आणि उजवा डावीकडे असा बदलत राहतो. आमच्या रखवालदाराने ते कधी केले नाही.

पुढे त्याला जीप मिळाली आणि मला गोठ्यातले आढे मिळाले. तिथे उंदरांनी माझी लोकर चाखली आणि एका कोंबडीने मला आपले बाळंतपणाचे घर केले. तिच्यावर माझा राग नाही. त्या काळात मला ऊब देणारी तीच एकटी होती. मग कुणीतरी मला उचलून जुन्या सामानाच्या दुकानात टाकले. तिथे मी एक मोडका पाळणा आणि एक बिनदाराचे कपाट यांच्यामध्ये धूळ खात पडलो.

तिथेच मला ताई भेटली.

ताई टेलिफोन ऑफिसातून नुकतीच निवृत्त झाली होती. कानाला यंत्र लावून, एका खुर्चीवर बसून, तिने लोकांच्या गावोगावच्या गोष्टी जोडून दिल्या होत्या. स्वतः मात्र फार कुठे गेली नव्हती. घोड्यावर बसायचे हे तिचे लहानपणापासूनचे वेड. आता केस पिकल्यावर तिने गावाबाहेरच्या रपेटीच्या मैदानावर नाव घातले होते. तिचा धाकटा भाऊ शिंपी. डोक्यावर एक केस उरलेला नाही, तरी ताईसाठी तो अजून 'छोट्या'च.

"ताई, अगं गुडघ्यांचं काय?" छोट्या म्हणाला.

"गुडघे बसूनच दुखतात. आता घोड्यावर बसून दुखू देत."

तिने मला झटकले, नाक लावून वास घेतला आणि म्हणाली, "हे जुनं आहे, पण खानदानी आहे." मित्रांनो, किती काळाने कुणी माझे कौतुक केले होते! मी त्याच क्षणी तिचा झालो.

माझ्याबरोबर रखवालदाराचे जुने पट्टेही आले. दुकानदाराने तेल चोपडून ते असे चमकवले होते की ताई भुलली. दोन्ही पट्टे सारख्याच भोकाला अडकवले, पण डावा ताणलेला, म्हणून डावी रिकीब खाली लोंबत होती. रिकिबीला पाय पोचवायला ताई डावीकडे झुकायची, तिच्याबरोबर मी सरकायचो आणि खाली भुरी नावाची करडी घोडी निमूट चालायची. थोड्याच दिवसांत भुरीच्या पाठीला एका बाजूने सूज आली.

मैदानाच्या मास्तरीणबाई कडक होत्या. त्यांनी सुजेवर हात ठेवला, पट्टे ओढून पाहिले आणि म्हणाल्या, "हे आधीच तपासायला हवं होतं, चूक माझीही आहे. भुरी बरी होईपर्यंत बसणं बंद. खोगीर पुन्हा भरून घ्या, पट्टे नवे घ्या. पण ताई, त्यानंतरही वाकड्या बसलात, तर मी तुम्हाला घोडा देणार नाही. मला वाईट वाटेल, तरी नाही देणार. तिला बोलता येत नाही हो."

ताई एरवी वाद घालायला पटाईत होती. त्या दिवशी मात्र भुरीच्या मानेवरून हात फिरवत ती म्हणाली, "बरोबर आहे तुमचं." तिचे सगळे स्वप्न आता दोन चामड्याच्या पट्ट्यांना टांगलेले होते.

दुसऱ्याच दिवशी भावाबहिणीने मला उचलून चामड्याच्या दुकानात नेले. काय ती पारख! मी थक्क होऊन पाहत राहिलो. पहिली जोडी जाडजूड होती. छोट्याने ती माझ्या बाजूला अडकवून पाहिली आणि म्हणाला, "मांडीखाली हा एवढा उंचवटा येणार. ताईला टोचेल आणि ती सारखी हलत बसेल." दुसरी जोडी मऊ होती, पण दोन्ही पट्टे शेजारी धरले तर भोके एकमेकांसमोर येईनात. तिसरी पातळ होती आणि ताईने ती दोन्ही हातांनी ताणताच रबरासारखी लांबली. छोट्या तर प्रत्येक टाका नखाने उचकून पाही. शेवटी दुकानदार कंटाळून म्हणाला, "अहो, पट्टा घेताय की सून पसंत करताय?"

"सुनेला माहेर असतं," ताई म्हणाली. "हा तुटला तर मी कुठे जाणार?"

अखेर एक जोडी सापडली. ना जाड, ना पातळ. वाकवली तर तडा नाही, टाके दाट, बक्कल भक्कम. माझ्या रंगाशी ती अगदी जुळत नव्हती. ताई म्हणाली, "रंग राहू दे, माझेही केस कुठे एका रंगाचे आहेत?" मला ते फार आवडले.

माझ्यात नवी लोकर भरली गेली. भुरीची पाठ बरी झाली. मास्तरीणबाईंनी नवे पट्टे स्वतः चढवले. पट्टा अडकवायच्या आकड्याची खिट्टी त्यांनी मुद्दाम उघडी ठेवली, म्हणजे स्वार पडलाच तर पट्टा निसटतो आणि माणूस फरफटत जात नाही. मग भोके मोजून दोन्ही रिकिबी अगदी एका पातळीत आणल्या. ताई वर चढली. भुरी चालू लागली. मी जीव मुठीत धरून वाट पाहत होतो.

आणि ताई डावीकडे झुकली.

फार नाही, पण झुकली. मास्तरीणबाईंनी मागे उभे राहून दोनदा चालवून पाहिले. "पट्टे सारखे. खोगीर सरळ. मग तुम्ही अशा का?"

"सवय असेल. जाईल ती," ताई म्हणाली.

"तोवर भुरीची पाठ पुन्हा जाईल." मास्तरीणबाईंचा आवाज उतरला होता. "उतरा, ताई."

ताईने पाय रिकिबीतून काढला. इतक्यात कुंपणापाशी उभा असलेला छोट्या धावत आला. गळ्यातली मापाची पट्टी वाऱ्यावर उडत होती आणि चेहरा पांढराफटक.

"उतरू नकोस. तिची सवय नाही, बाई. तिचा डावा पाय आखूड आहे."

"काय बरळतोयस?" ताई म्हणाली.

"अर्ध्या बोटाने. तू पहिल्यांदा ऑफिसला निघालीस, तेव्हा तुझी पँट मी शिवली होती. पँटचा डावा पाय जमिनीवर लोळत होता. मला वाटलं, माझंच माप चुकलं. पुन्हा मोजलं, तेव्हा कळलं. आरशासमोर तू इतक्या ऐटीत उभी होतीस, मला सांगवेना. तेव्हापासून मी तुझी डावी बाजू जरा वर दुमडतो. प्रत्येक कपड्याची."

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं. वाटलं, कशाला कळायला हवं."

ताई भुरीच्या आयाळीकडे पाहत होती. मग तिने बाहीने डोळे पुसले.

"म्हणजे मी नीट चालत होते, ती तुझ्या टाक्यांवर?"

"चाललीस तूच. मी नुसतं कापड दुमडलं."

"गाढवा!" ताई ओरडली. "आधी बोलला असतास, तर या बिचारीची पाठ सुजली नसती!" घोडीवर बसून भावाला गाढव म्हणणारी बाई मी प्रथमच पाहिली. पण तिचा हात खाली आला आणि त्याच्या टकलावर कितीतरी वेळ राहिला. मला भरून आले, मित्रांनो. एवढे प्रेम आणि एवढी चूक मी एका माणसात एकत्र पाहिली नव्हती.

मास्तरीणबाई भोके पाडायचे हत्यार घेऊन आल्या. छोट्याने माप घेतले आणि डाव्या पट्ट्याच्या दोन भोकांच्या मधोमध एक नवे भोक पाडले. "दुसऱ्यालाही पाडा," त्या म्हणाल्या, "पट्ट्यांची अदलाबदल करता यायला हवी." डावी रिकीब अर्धे भोक वर गेली. ताईचा पाय तिच्यावर अलगद टेकला, आणि माझ्यावरचा भार पहिल्यांदाच दोन्हीकडे सारखा झाला. भुरीने नाकातून मोठा श्वास सोडला. मैदानाला फेरी मारून ती परत आली, तेव्हा ताई ताठ बसली होती.

"उद्या वेळेवर या," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी कुणालाच मिळत नसे.

मित्रांनो, आता माझे एवढेच ऐका. जुन्या वस्तूला टाकू नका, पण तिच्या चकाकीवर विसंबूही नका. टाके तपासा, पट्टे बदलत राहा, घोड्याच्या पाठीवरून रोज हात फिरवा. आणि कुणावर माया असेल तर त्याचे उणे झाकू नका. त्याला ते सांगा, मग दोघे मिळून त्याचा विचार करा.

काल छोट्या ताईच्या घरी आला होता. तिला रपेटीसाठी नवी पँट हवी होती. मी खोलीतल्या लाकडी घोडीवर, म्हणजे खोगीर ठेवायच्या तिवईवर, बसून सारे पाहत होतो. त्याने उजवा पाय मोजला आणि आकडा सांगितला. मग डावा मोजला आणि सवयीने गप्प बसला.

"मोठ्याने," ताई म्हणाली.

त्याने घसा साफ केला आणि खिडकीबाहेर ऐकू जाईल अशा आवाजात तो आकडा सांगितला.