चौदसीचं पान

माझा भाऊ शालिकराम जपानच्या लढाईत बर्मा मुलखात मेला. कागद आला तेव्हा आई वांग्याच्या वाफ्यांना पाणी देत होती. आमच्या घरात कोणाला अक्षर येत नव्हतं. मी तर फार पुढे, केस पिकल्यावर शिकले. शाळेच्या मास्तरांनी कागद वाचून दाखवला. शालिकराम नोकरीवर असताना एप्रिल महिन्यात मरण पावला, एवढंच त्यात होतं. कशानं मेला ते नव्हतं. तारीखही नव्हती.

त्या भादव्यात घरात तंटा झाला. आमच्यात हत्यारानं मेलेल्याचं पान पितृपक्षातल्या चौदसीला मांडतात. ज्याची तिथी ठाऊक नाही त्याचं अवसेला. आई म्हणाली, चौदसीला मांडू. वडील नव्हते, म्हणून पाणी सोडायचं ते केशवराव काकाजींनी. ते बसल्या जागेवरून उठले.

"वयनी, मांगच्या चिठ्ठीत काय लिवून घेतलं होतं त्यानं? ताप हाय, दवाखान्यात पडलो हाय म्हनून. मंग तापानं मेला असन तं?"

"लढाईत मेला तो, भाऊजी."

"कोनं पाह्यलं? हत्यारानं न मेलेल्याचं पान चौदसीले मांडलं तं घरातल्या तरण्या पोरावर हत्यार येते. माह्ये दोन पोरं हायेत. अवसेले मांड, मी पानी सोडतो."

"ज्याचं कोनाले काई ठाऊक नाई, त्याचं पान अवसेले. माह्या पोराले माय हाय."

काकाजी वाईट माणूस नव्हते. शालिकरामला खांद्यावर बसवून यात्रा दाखवली ती त्यांनीच. ते पोरांसाठी भीत होते. त्यामुळे आईला त्यांच्याशी भांडून जिंकायचं नव्हतं, खरं काय ते कळायला हवं होतं. त्या वर्षी पान मांडलंच नाही.

आई आणि मी अमरावतीला कचेरीत गेलो. मी तेव्हा नवरा वारल्यावर माहेरी परतलेली होते. तिथल्या कारकुनानं पलटणीला लिहिलं. उत्तर यायला हिवाळा उलटला आणि आलं ते पहिल्यासारखंच. कारकून भला होता. म्हणाला, "आजी, सरकारचा कागद आला. आता बसा घरी."

आई म्हणाली, "कागदानं कुठं पाह्यलं माह्या पोराले? पाहणारा मानूस सांगा."

तो माणूस काही कचेरीत सापडणारा नव्हता. मग आईनंच तोड काढली. शालिकराम खेचरांच्या कंपनीत भरती झाला तेव्हा वऱ्हाडातली बरीच पोरं त्याच्यासोबत गेली होती. लढाई संपली, पोरं परत येऊ लागली होती. आली म्हणजे बाजाराला येणारच, आणि बाजार तर आमचाच. आजवर आम्ही दर्यापूरच्या बाजारात बसायचो. आता भाजीच्या बंडीला बैल जुंपून लांबलांबचे बाजार धरले. अकोल्यालाही जाऊ लागलो. आई दुकान मांडायची आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय पाहायची. सुटून आलेले शिपाई धोतरावर सरकारी बूट घालत. धोतराखाली बूट दिसला की मी उठायची.

एकदा एक जण चिडवून म्हणाला, "काहून व बाई, माह्या मांगं मांगं फिरून राहिली? पाट लावतं का माह्यासंग?"

"तुह्या बुटासंग लावीन एक वेळ," मी म्हटलं. "कोनत्या पलटनीचा ते सांग."

तो मोटारींवरचा निघाला. बाकीचेही असेच कोणी कुठले, कोणी कुठले. असा आणखी एक पितृपक्ष पान न मांडता गेला. काकाजी म्हणत, वयनी, सोडून दे. आई बंडी भरत राही.

त्याच्या पुढच्या भादव्यात, चौदसीच्या आदल्या दिवशी, अकोल्याच्या बाजारात शेंदूरजनाघाटचा एक जण संत्री घेऊन बसला होता. एका बुटाला नाडी, दुसऱ्याला सुतळी.

"भाऊ, बूट कुठचे?"

"बर्माचे. पन इकाचे नाई."

"काम कोनतं होतं तुमचं?"

"खेचरांच्या कंपनीत होतो. डोंगरावर सामान चढवाचं."

मी त्याच्या टोपलीपुढे बसले. "दर्यापूरकडचा शालिकराम होता का तुमच्यात? माळ्याचा?"

त्यानं हातातलं संत्रं टोपलीत ठेवलं. "तू कोन?"

"बहीन."

"तानी?"

मी नाव सांगितलं नव्हतं. तो हसू लागला आणि मधेच थांबला. "त्याच्या खेचरीचं नाव त्यानं तानी ठेवलं होतं, बाई. म्हने, माही बहीनबी अशीच. वढलं तं चालत नाई, सोडलं तं थांबत नाई."

त्याचं नाव नत्थुजी. तो पुढे बोलणार तोच मी त्याला अडवलं. "मले नोका सांगू. माह्या मायसमोर अन् काकाजीसमोर सांगा. आजच चला."

"अन् ह्या संत्र्याचं काय करू?"

दुपारपर्यंत मीच ओरडून त्याची संत्री विकली. मग आईच्या शेजारी त्याला बंडीत बसवलं. आईनं वाटेत त्याला एक अक्षर विचारलं नाही.

घरी ओसरीवर काकाजींना बोलावलं. नत्थुजी म्हणाला, "ताप होता त्याले, खोटं नाई सांगत. डाक्तर उठू देत नोयता. पन वरच्या मोर्च्यावरचं पानी संपलं, अन् तानी दुसऱ्याच्या हातानं चढ चढेना. मंग हा उठला. वळनावर तोफेचा गोळा पडला. मी मांगंच होतो. मीच त्याले मातीआड केलं."

"सोताच्या डोयानं पाह्यलं?" काकाजींनी विचारलं.

"हाव."

काकाजींनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. आईनं मात्र वेगळंच विचारलं. "जेवला होता का रे तो?"

"चहा प्याला होता, माय. बिस्कुट देलं होतं, थे त्यानं तानीले चारलं."

"अन् ते जनावर?"

"तेबी तिथंच गेलं."

दुसऱ्या दिवशी, चौदसीला, आईनं शालिकरामचं पान मांडलं. वडे, खीर, कढी, त्याच्या आवडीची वांग्याची भाजी. नत्थुजीला शेजारी बसवलं. काकाजी पाणी सोडायला वाकले, तेवढ्यात आई आत गेली. येताना आणखी एक पान आणलं आणि त्यावर ओंजळभर भिजलेले हरभरे ठेवले.

"हे कोनाचं, वयनी?"

"खेचरीचं."

"जनावराचं पान कुठं मांडतेत का?"

"तेबी हत्यारानंच मेलं ना, भाऊजी?"

काकाजींनी एकदा नत्थुजीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग तांब्या उचलला आणि दोन्ही पानांभोवती पाणी फिरवलं.