चिखलासकट आलेली चिऊल

मी चिऊल. नाव ऐकलं नसेल तर राहू द्या, ओळख नक्की असेल. तलावात उतरल्यावर लांब हिरव्या रिबिनी पायाला गुदगुल्या करतात ना, ती मीच. सानगडीजवळच्या एका गावतलावात राहते, बायका कपडे धुतात त्या दगडांपासून जेमतेम वीस पावलांवर. त्यामुळे गावातलं सगळं कानावर येतं. मी मुद्दाम कान लावत नाही असंही नाही.

जन्म मात्र इथला नाही. गावच्याच टेकचंदच्या शेतातल्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, मी वाढले. तिथे माझ्या मुळांशी बिऱ्हाडं होती. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू, मुळांना धरून राहायचे. मी पानांनी ऊन घ्यायची, मुळांतून थोडी हवा चिखलात सोडायची. ते तिच्यावर जगायचे आणि चिखलातलं विष माझ्यापर्यंत येऊ द्यायचे नाहीत. घरमालक कोण नि भाडेकरू कोण, हे आमच्यात कधी ठरलंच नाही.

या तलावातही पूर्वी माझ्या जातीच्या पुष्कळ होत्या म्हणे. मग कुणीतरी जांभळी फुलं छान दिसतात म्हणून जलकुंभी, म्हणजे जलपर्णी, आणून सोडली. मी तिला नावं ठेवत नाही. तिच्याही लोंबत्या मुळांशी तिची बिऱ्हाडं असतात, ती त्यांना नीट सांभाळते. पण पाहुणी आली ती सगळ्या पाण्यावर सतरंजी अंथरून बसली. खाली ऊन पोचेना. इथल्या चिऊल मेल्या, त्यांच्या मुळांशी राहणारी मंडळी पांगली आणि सडक्या पाल्यावर दुसरेच जिवाणू माजले. चिखल काळा पडला, कुजक्या अंड्यासारखा वास सुटला. माशांना अंडी घालायला गवत उरलं नाही.

कुंताबाईचं घर त्या मासोळीवर चालतं. तिनं उन्हाळ्यात दहा बायका घेऊन जलकुंभी ओढून काढली, आणि धानाच्या रोवणीच्या तोंडावर आम्हाला न्यायला बोडीवर आली. तिचा नवरा भैय्यालाल मासेमार सोसायटीचा अध्यक्ष. तो काठावरून हसला.

"अवं, लोक धान रोवतेत, तू गवत रोवून राहिली?"

"मग मासोळी काय तुह्या टोपीत अंडे देईन?"

"करून पाह्य एकडाव. नाही लागलं तं सोसायटी तलावाचा ठेका सोडून देते." हे शेवटचं मात्र तो हसत बोलला नाही.

बायकांनी आम्हाला उपटलं, पाण्यात खळबळून मुळं लखलखीत धुतली, जुड्या बांधल्या. धानाचे परे, म्हणजे रोपं, असेच धुऊन रोवायची जन्माची सवय त्या हातांना. एकटी सुंदरबाई धुवेना.

"काहून वो सुंदरबाई, चिखलाचे गोळेच भरले?"

"कमर धरली माही. तुमाले हौस आहे, तुमी धुवा."

"आळशी कुठची!"

मी सुंदरबाईच्या टोपल्यात होते.

तलावात रोवल्यावर पंधरा दिवसांत माझ्या धुतलेल्या बहिणी पिवळ्या पडल्या. मग मुळापासून काळ्या होऊन वर तरंगू लागल्या. एकेक जाताना मी पाहिली. त्या काळ्या चिखलात त्यांच्या मुळांशी ओळखीचं कुणीच नव्हतं. माझी बिऱ्हाडं गोळ्यातून माझ्यासोबत आली होती. माझीही दोन पानं गळाली, पण तिसरं फुटलं.

कुंताबाई आली. तरंगणारा पाला पाहून गुडघाभर पाण्यात नुसती उभी राहिली. मग खाली वाकून चाचपू लागली. माझं पान तिच्या हाती लागलं. तिनं ओढलं. मी सुटले नाही. तिनं पुन्हा ओढलं.

"रक्षा! इकडं ये वो!"

रक्षा तिची मुलगी, साकोलीच्या कॉलेजात विज्ञान शिकते. तिनं पाहिलं, बोटानं चिखल उकरला.

"आई, ही सुंदरबाईची ओळ आहे. न धुतलेली. मुळाच्या चिखलात जिवाणू असतात, आपण तेच धुऊन टाकले."

कुंताबाईनं तरंगणारा काळा पाला उचलून काठावर टाकला. मग म्हणाली, "आता तिले हे सांगन कोण? वर्षभर नाक वर करून फिरन."

पण सांगितलं तिनंच. दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका पुन्हा बोडीवर, आणि सुंदरबाई पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून हुकूम सोडतेय, "झटकू नका वो, झटकू नका!"

त्याला आता तीन पावसाळे झाले. माझ्या पानांत मासोळीची पिल्लं लपतात, चिखलाचा वास गेला, आणि आल्यागेल्याला भैय्यालाल सांगतो, "हे आमी रोवली." सांगू दे. तलाव सोडला नाही, एवढ्यासाठी त्याचेही उपकार. कुंताबाईचे तर किती मानू! दुसऱ्यांदा वाकायला जीव लागतो.

आज शेजारच्या गावच्या बाया आल्यात, त्यांच्या तलावासाठी आम्हाला मागायला. जलकुंभी त्यांनीही नुकतीच काढलीय. कुंताबाईनं माझ्याखाली दोन्ही हात घालून मला अलगद उचललं. पाहुण्या बाईनं मला टोपल्यात घेतलं आणि सवयीनं मुळांचा चिखल धुवायला ती टोपलं पाण्यात बुडवू लागली. कुंताबाईनं तिचं मनगट धरलं.

"राहू दे माय. तिचं घरदार आहे ते."

माझी तुम्हालाही हीच विनवणी. बरं, येते मी. येते कसली, आम्ही सगळेच येतोय.