फाटकाजवळचा फळा

मी फळ्यावर ‘उद्या मुलांना जंताच्या गोळ्या’ एवढं लिहिलं होतं आणि पाठीमागून रागिणीचा आवाज आला. माझी सहशिक्षिका रागिणी तर अजून गावातही पोचली नव्हती.

“रामराम माय, रामराम दादा. उद्या शाळेत लेकरायले जंताच्या गोळ्या देनार हाओत. उपाशी पोटी धाडू नका, जेवू घालून धाडा.”

वळून पाहिलं तर पार्बताबाई. डोक्याला फडकं बांधून वावरात तूर सोंगायला निघालेली, आणि मोबाईल तोंडासमोर धरून ऐकत होती. तिचा मुलगा कुंदन आणि सून पुण्याला कंपनीत, नात आचल आमच्या पाचवीत. घरात आजी आणि नात दोघीच.

“लिवून रायल्या का बाई?” तिनं विचारलं.

“हो. वाचा की.”

“गोळ्यायचंच असन. आयकलं म्या, मॅडमनं सांगतलं.”

आणि ती चालू लागली. एवढ्यानं भागलं नाही म्हणून की काय, तिनं जाता जाता तो निरोप पुन्हा लावला. वळणापर्यंत मला रागिणीचं ‘रामराम माय’ ऐकू येत होतं.

मी माया तायडे. हिवरखेडच्या अलीकडच्या या गावात, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेवर मला एकवीस वर्षं झाली. शाळा दोन शिक्षकी. फाटकाजवळचा फळा मी आल्याच वर्षी गावच्या सुताराकडून करून घेतला, आणि शाळेची प्रत्येक बातमी त्याच्यावर लिहीत आले. सुट्टी कधी, पालकसभा कधी, गणवेश आले का, आज कोणाचा वाढदिवस. मथळा निळ्या खडूनं, मजकूर पांढऱ्यानं, आणि अगदी महत्त्वाचं असेल तर लाल. माझं अक्षर चांगलं आहे हे मी सांगायला नको. लग्नाच्या पत्रिकांवर नावं घालून घ्यायला लोक माझ्याकडे येत. वावरात जाणारा माणूस फळ्यापाशी दोन घटका थांबल्याशिवाय पुढे जात नसे. ही पार्बताबाईसुद्धा थांबायची.

दीड वर्षापूर्वी रागिणी आली. अमरावतीची, सत्तावीस वर्षांची, स्कूटीवर येणारी. पहिल्याच आठवड्यात तिनं पालकांचा ग्रुप केला. रोज चार वाजता मुलांचे फोटो, आणि सूचना लिहायची नाही, बोलायची. ती आली तशी ‘मॅडम’ झाली आणि मी ‘बाई’च राहिले. इतकी वर्षं मला ‘बाई’ ऐकायला आवडायचं. तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्यापासून ते जुन्या साडीसारखं वाटू लागलं.

मला तिचा हेवा वाटत होता. आडपडदा कशाला, मी जळत होते. तिच्या एकेका निरोपाखाली जोडलेले हात, गुलाबाची फुलं, ‘धन्यवाद मॅडम’. मी अकोटला घरी पोळ्या लाटता लाटता ते बघत बसायची आणि पोळी करपायची. आणि वाईट हे की ती स्वभावानं चांगली होती. डबा उघडला की पहिला घास मला द्यायची. नावं ठेवायला जागाच नव्हती, त्यानं आणखी चिडचिड व्हायची.

त्यात आचल. तिला मी पहिलीत वाचायला शिकवलं ते त्याच फळ्यावर. रोज सकाळी फाटकाशी उभी राहून ती मोठ्यानं वाचायची, अक्षरांवरून हवेत बोट फिरवत. आता पाचवीत तिनं निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरला. भरून दिला रागिणीनं, आणि शाळेच्या आधी तासभर तयारीही रागिणीच करून घेत होती. ही परीक्षा एकदाच देता येते. आमच्या शाळेतून ती एकटी बसणार होती. “मॅडम म्हणते माहा नंबर लागन,” असं ती मला येऊन सांगायची. मी ‘छान’ म्हणायची आणि मनात म्हणायची, अक्षरं कोणी शिकवली गं तुला?

परीक्षा शनिवारी, सकाळी साडेदहाला, हिवरखेड केंद्रावर. रागिणीनं तसा निरोप ग्रुपवर बोलून ठेवला आणि बुधवारी ती चार दिवसांच्या प्रशिक्षणाला अकोल्याला गेली. जाताना मला म्हणाली, “बाई, तेवढे दिवस ग्रुप तुम्ही पाहा. काही सूचना आली तर टाकून द्या.”

“टाकीन,” मी म्हणाले.

गुरुवारी शाळा सुटून मुलं घरी गेल्यावर तालुक्याहून फोन आला. परीक्षेचं केंद्र बदललं होतं. हिवरखेड नाही, तेल्हारा. वेळ तीच. विद्यार्थ्यांना लगेच कळवा.

आचलचं घर शाळेपासून दहा मिनिटांवर. पूर्वीची मी असते तर पर्स तिथेच टाकून निघाले असते. पण माझ्या हातात फोन होता, ग्रुप उघडलेला होता, आणि त्यात रागिणीचा निरोप होता, खाली सगळ्या गावाचे जोडलेले हात. मी फोन पर्समध्ये ठेवला आणि खडूची पेटी काढली.

त्या दिवशी लिहिला तसा फळा मी क्वचितच लिहिला असेल. निळा मथळा, भोवती चौकट, आणि लाल खडूनं जाड अक्षरांत: ‘आचल हिचे परीक्षा केंद्र बदलले आहे. हिवरखेड नव्हे, तेल्हारा. शनिवार, सकाळी साडेदहा.’ चार पावलं मागे जाऊन पाहिलं. एक तरी बातमी गावाला माझ्याकडूनच कळू दे, असं मनात म्हटलं. सगळ्यांचा रस्ता फाटकासमोरूनच होता. कोणी ना कोणी वाचणार, आणि संध्याकाळपर्यंत ती आचलच्या घरी पोचणार, याबद्दल मला शंकाच नव्हती.

शुक्रवारी गावच्या यात्रेची सुट्टी. मी घरीच. दिवसभरात चार-पाच वेळा ग्रुप उघडला. केंद्राबद्दल कोणी काही विचारलं नव्हतं. म्हणजे कळलं असणार, असं मी स्वतःला समजावलं. संध्याकाळी एकदा टाइप करायला घेतलं, ‘सर्व पालकांना’ इथवर आलेही. मग वाटलं, आता इथे टाकलं तर फळ्याची काय पत राहिली? ते दोन शब्द मी पुसून टाकले.

शनिवारी सकाळची शाळा होती. मुलं गेल्यावर मी कुलूप लावत होते आणि पर्समध्ये फोन वाजला. ग्रुपवर कुंदनचा आवाज, पुण्याहून.

“कावून नाई सांगतलं कोणी? माही पोरगी हिवरखेडले जाऊन उभी रायली, तिथं कुलूप. तेल्हाऱ्याले पोचेपर्यंत गेट बंद झालं. वर्षभर पाच वाजता उठून अभ्यास करून रायली होती ते. कोणाची जिम्मेदारी हाये हे?”

मी पायरीवर बसले. तेवढ्यात रागिणीचा आवाज आला. प्रशिक्षणातून बाहेर येऊन बोलत असावी, मागे माणसांचा गलका होता.

“कुंदनदादा, चूक माही हाये. ग्रुप म्या केला, सूचना देनं माह्यं काम. ट्रेनिंगले आली अन् ध्यान रायलं नाई. माफ करा मले.”

केंद्र बदलल्याचं तिला माहीतही नव्हतं. ग्रुप माझ्यावर सोपवला होता, हे ती एका वाक्यात सांगू शकली असती. तिनं माझं नाव घेतलं नाही.

खाली लोक लिहू लागले. ‘असू द्या मॅडम.’ ‘होते माणसाच्या हातून.’ ‘तुम्ही लय करता लेकरांसाठी.’ खोटं कशाला बोलू, त्या क्षणीसुद्धा, आचलची एकुलती एक संधी माझ्या हातानं गेलेली असताना, मला तिचा हेवाच वाटला. न केलेल्या चुकीची माफी तिला अशी ओंजळीनं मिळत होती. मला कोणी दिली असती का?

मग माझी मलाच लाज वाटली. उठले आणि आचलच्या घरी गेले. दहाच मिनिटं लागली.

पार्बताबाई ओट्यावर बसली होती. दारात आचलच्या परीक्षेसाठी आणलेल्या नव्या चपला, धुळीनं भरलेल्या. आचल आत भिंतीकडे तोंड करून निजली होती.

“बसा बाई,” म्हातारी म्हणाली.

मी उभ्यानंच सांगितलं. फोन मला आला होता, गुरुवारीच. मोबाईलवर टाकायचं काम माझं होतं, मी टाकलं नाही. फळ्यावर लिहिलं आणि निघून गेले. मॅडमची काही चूक नाही.

वाटलं, आता ही शिव्या घालेल. पण ती म्हणाली, “फळ्यावर होतं ते मले मालूम हाये.”

“मालूम होतं?”

“पोट्टीनं वाचलं ना काल. यात्रेतून पळत घरी आली. म्हने, आजी, बाईनं लिवलं, तेल्हाऱ्याले जा लागते. म्या म्हटलं थांब. मोबाईलवर मॅडमचा निरोप लावला, त मॅडम म्हने हिवरखेड. पुन्हा लावला, हिवरखेडच. लय रडली. म्हने, बाई खोटं लिवत नाई. म्या म्हटलं, बाईचं चुकलं असन, मॅडमचं चुकत नाई.”

तिनं पदर डोळ्यांना लावला. “अन् मोबाईलवर बोलाच्या आधी कुंदन पोरीलेच रागे भरला. म्हने, शाळेत सांगतलं असन, तूच इसरली असशीन. माह्या तोंडून काई निंघालं नाई बाई. काय सांगू त्याले? मले कोठी वाचता येते? तुमचा फळा येता-जाता पाहो मी. रंग चांगले दिसत.”

एकवीस वर्षं ही बाई माझ्या फळ्यासमोर थांबत होती आणि मी समजत होते ती वाचते. तिला कधी वाचून दाखवावं असं मला सुचलं नाही. रागिणीला ते पहिल्या आठवड्यात सुचलं होतं.

मी दारातून आचलला हाक मारली. तिनं तोंड वळवलं नाही.

संध्याकाळी रागिणीचा फोन आला. मी जेवले का, एवढंच तिनं विचारलं. मीच म्हटलं, “माझं नाव का नाही घेतलंस?”

“मी नवीन आहे बाई, माझी चूक खपून जाते. तुमची चूक गावानं कधी पाहिलीच नाही.” 

तिच्या मनात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

सोमवारी मी तासभर आधीच शाळेत गेले. फळ्यावर लाल अक्षरं तशीच होती, चौकटीसकट. ती पुसली. नवं लिहायला फार वेळ लागला. मथळा घातला नाही, रंग वापरला नाही. ‘आचलने बरोबर वाचले होते. केंद्र तेल्हारा हेच होते. मोबाईलवर कळवण्याचे काम माझे होते, ते मी केले नाही. तिची परीक्षा माझ्यामुळे गेली. माया तायडे.’

मुलं येऊ लागली. आचल सगळ्यांच्या मागून आली. फळ्यापाशी थांबली आणि पहिलीत वाचायची तशी, मोठ्यानं, एकेक शब्द वाचू लागली. स्वतःच्या नावापाशी जरा अडखळली, मग शेवटपर्यंत वाचत गेली. मी खडू हातात धरून उभी होते.

माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, “बाई, हे मोबाईलवर बी टाका ना.”

“टाकते.”

“लिवू नका पण, बोला. मंग आजी बी आयकन अन् बाबा बी.”

मी पर्समधून फोन काढला, ग्रुप उघडला. बोलायचं कुठं दाबून ते मला येत नव्हतं. दीड वर्ष मी नुसतं ऐकत आले होते. आचलनं माझा खडूनं भरलेला अंगठा धरला आणि नेमक्या जागी टेकवला.

“दाबून धरा. आता बोला.”

“कुंदनदादा, पार्बताबाई,” मी म्हणाले, “मी शाळेतली बाई बोलून रायली.” अंगठा सैल झाला. आचलनं माझा अंगठा सुटू दिला नाही.