उसवलेला रुमाल

पार्वताबाईंचा रुमाल एका टाक्यापासून सुरू व्हायचा. पुढच्या ओळीला एक टाका वाढवायचा, त्याच्या पुढच्या ओळीला आणखी एक. असा त्रिकोण रुंदावत जायचा आणि सूत संपलं की रुमालही संपायचा. मूर्तिजापूरकडे आगगाडीचा रस्ता बांधणाऱ्या साहेबाच्या मडमेला लोणी द्यायला जाता जाता बाई ही कला शिकल्या. मडम लोकरीचं विणायची. पार्वताबाईंनी घरच्या कापसाचं सैल पिळाचं, फुगीर सूत काढलं. सून मैना पोटुशी होती. बाळंतपणात तिच्या डोक्या-कानाला बांधायला एक मोठा रुमाल त्यांनी विणून ठेवला होता. बाळासाठी मात्र काहीच विणलं नव्हतं. पोटातल्या जिवाची तयारी आधी करू नये, असं त्यांची सासू सांगून गेली होती.

त्या रुमालाचं सूतसुद्धा चोरून काढलेलं. सातासमुद्रापार कुठं तरी लढाई जुंपली आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. पार्वताबाईंचे यजमान खुशालराव यांच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या. कोठीतला कापूस विकून झाला तेव्हा त्यांनी गाद्या उसवल्या, मग उशा, मग रजया. एक तरी गादी राहू द्या म्हणून पार्वताबाई आडव्या आल्या. कापूस काय आटला आहे का, पुढच्या वेचणीला नव्या भरू, असं म्हणून खुशालराव हसले. एकट्या त्यांना तरी काय बोलावं, अख्ख्या गावाची अक्कल गहाण पडली होती. चांदीचे तोडे घालून बाया कडब्यावर निजत होत्या.

पौषाच्या कडाक्यात मैना सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी झाली. वीतभर जीव, रडायलाही जोर नव्हता. सुईणीनं तिला हातात घेतलं आणि तिचा चेहरा उतरला.

"सातमाशी हाय, बाई. इले कापसात ठेवा लागते. वारा लागला का हातची गेली."

पार्वताबाई सवयीनं कोठीकडे धावल्या. कोठी झाडून नेलेली. शेजारी गेल्या, त्याच्या पलीकडे गेल्या, सगळीकडे तेच. शेतातल्या पऱ्हाटीवर बोंडाला चिकटलेला तंतूही बायांनी ओरबाडून विकला होता. खुशालराव घोडीवर बसून मूर्तिजापूरला कापूस आणायला सुटले.

जुन्या लुगड्याचे धडपे गुंडाळले, शेगडी जवळ ओढली, तरी पोरीचं अंग गारच. मग रुमाल आठवला. तो तिच्याभोवती दोनदा फिरवला. पण विणीत टाक्यागणिक भोक. धडधाकट माणसाला तशी ऊब पुरते, कारण त्याचं अंगच तापलेलं असतं. या जिवापाशी स्वतःची धगच नव्हती.

पार्वताबाईंनी रुमाल काढून घेतला आणि शेवटचा टाका सोडला. मैना पडल्या पडल्या बघत होती. तिनं सुटलेल्या सुताचं टोक धरलं. इतके दिवस जपून विणलेलं बघता बघता उसवलं. बाईंनी पीळ उलटा फिरवला, धागा नखानं पिंजला आणि चिमूट चिमूट कापूस पोरीच्या छातीवर, पोटावर, टाळूवर ठेवला. पाय झाकायचे राहिले आणि सूत संपलं. ते पाय त्यांनी आपल्या मुठीत धरले. पहाटे त्या मुठीतच ते थंड पडले.

खुशालराव उन्हं चढल्यावर आले. व्यापारी शिवलेले बोजे सोडायला तयार नव्हते. हातापाया पडून त्यांनी एक गाठोडं मिळवलं होतं. अंगणात जमलेल्या बाया पाहून ते घोडीवरून उतरलेच नाहीत बराच वेळ.

शेताच्या बांधाला खड्डा खणला. खुशालरावांनी पोरीला आपल्या हातानं खाली ठेवलं आणि गाठोड्यातून मुठी भरभरून कापूस तिच्याभोवती लावू लागले. रडत होते, आणि ते रडणं खोटं नव्हतं. गाठोडं निम्मं झालं तसा त्यांचा हात थांबला.

"सगळाच घालू काय व?"

आपण काय बोललो ते त्यांना बोलल्यावर कळलं. त्यांनी मान खाली घातली.

"आता काहून इचारता?" पार्वताबाई म्हणाल्या. त्यांनी गाठोडं त्यांच्या हातातून ओढून घेतलं आणि खड्ड्यात उपडं केलं.