घटाची माती

अंबिका परळच्या शाळेत मास्तरीण, त्यामुळे चाळीत तिला मोठा मान. पण त्या नवरात्रात बाईनं जे केलं, ते एखाद्या शेंबड्या पोरानंही केलं नसतं!

झालं असं, की साहेब शाळा तपासायला यायचे होते आणि धडा होता नदीकाठच्या जुन्या संस्कृतींचा. अंबिकेनं फळीवर नाईल नदी केली, काठानं पुठ्ठ्याची गावं मांडली. आता तिथं खराखुरा गहू उगवून दाखवला की साहेब खूश. त्याला हवा गाळ. परळात नदीचा गाळ आणायचा कुठून?

घरातच होता की! सासूचा भाऊ दरवर्षी साताऱ्याकडून कृष्णेच्या काठची माती आणून द्यायचा, खास घट बसवायला. मागितली तर सासू, कमळाबाई, देणार नाहीत, हे ठाऊक. म्हणून विचारलंच नाही. डबा रिकामा केला आणि गिरणीच्या भिंतीकडची माती त्यात भरली. राखेनं तीही काळीच दिसत होती. माती ती माती, म्हातारीला काय कळतंय!

वर्गात मात्र ठासून सांगत होती, "पूर ओसरला की नदी गाळ ठेवून जायची. त्यात मूठभर पेरलं की पोतंभर यायचं. पोटाची सोय झाली म्हणून माणूस एका जागी राहिला, शहरं उभी राहिली. माती सगळी सारखी नसते, मुलांनो." हिरवीगार नाईल बघून साहेबांनी तोंडभरून कौतुक केलं.

घरी घट बसला होता. अंबिकेचा नवरा गुणाजी संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पकडला गेलेला, तुरुंगातून कसली खबर नाही. घट तरारून आला की पोरगा सुखरूप, असं कमळाबाईंनी मनाशी धरलेलं. आणि घट काही उगवेना! दोन-चार पिवळे कोंब आले, त्यांनीही मान टाकली. "देवीचा कोप दिसतोय," शेजारची जाईबाई हळूच म्हणाली. कमळाबाईंनी उपासाचंही खाणं सोडलं.

"माझंच काय तरी चुकलं गं," त्या देवीपुढं नाक घासायच्या.

अंबिकेला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. नवऱ्याच्या नावानं बसवलेला घट, आणि आपण तो साहेबाच्या शाबासकीपायी नासवला! सांगायला जायची आणि उंबऱ्यातूनच मागं फिरायची. शेवटी पाचव्या माळेला म्हातारी घेरी येऊन पडली, तेव्हा अंबिकेनं पायच धरले.

"आत्याबाई, देवीचा कोप नाही. मी तुमची माती चोरली. डब्यात गिरणीकडची भरली."

आता थोबाडीत बसणार म्हणून तिनं डोळे मिटले.

"शप्पथ?" कमळाबाईंनी विचारलं.

"शप्पथ."

म्हातारी भिंतीला धरून उठली, थेट गॅलरीत गेली आणि ओरडली, "अगं जाईबाई, ऐका गं समद्या! कोप न्हाई, काई न्हाई! माझ्या सुनंनं माती चोरलीया! गुणाजी सुखरूप हाय माझा!"

दारादारांत बाया येऊन उभ्या राहिल्या. कमळाबाई हसत हसत आत आल्या, डोळे पुसत खाली बसल्या.

"अंबे, भगर टाक बाई. लई भूक लागलीया."

अंबिकेनं भगर शिजवली, वाढली. सासूचं जेवण होईपर्यंत तिनं मान काही वर केली नाही.